उन्हाळी प्रॅक्टिकलमध्ये परक्लोरिक ॲसिडचं टायट्रेशन करताना

बी.फार्म.च्या नॉन-ॲक्वियस (पाण्याऐवजी दुसऱ्या द्रावकातल्या) टायट्रेशनमध्ये आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात रीडिंग हमखास वर जातं. तालुक्याच्या कॉलेजात लॅबला एसी नसतो. सकाळी 28 अंशांवर स्टँडर्डाइज केलेलं (नेमकी तीव्रता ठरवलेलं) 0.1 एन (नॉर्मल) परक्लोरिक ॲसिड दुपारी 38 अंशांवर वापरलं, की ब्युरेटमधलं द्रावण फुगलेलं असतं. हे द्रावण ग्लेशियल (जवळपास निर्जल) ॲसेटिक ॲसिडमध्ये केलेलं असतं आणि ते दर अंशाला साधारण 0.11 टक्के प्रसरण पावतं, पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. दहा अंशांच्या फरकाने 1.1 टक्का चूक होते, आणि तेवढ्याने चांगली गोळीसुद्धा ॲसेच्या (औषधाचं प्रमाण मोजण्याच्या चाचणीच्या) मर्यादेबाहेर दिसू शकते.

म्हणून दोन्ही वेळी द्रावणाचं तापमान वहीत लिहा. दुरुस्त आकारमान = वाचलेलं आकारमान × [1 + 0.0011 (स्टँडर्डाइज करतानाचं तापमान − ॲसे करतानाचं तापमान)]. वरच्या उदाहरणात 8.0 मिली वाचलं, तर हिशेबाला 7.91 मिली घ्यायचं. व्हायव्हात हे कारणासकट सांगता आलंच पाहिजे. जमलं तर दोन्ही कामं एकाच बैठकीत उरका, ते सगळ्यात बरं.

आणि कूलरचा झोत टेबलावर नको! त्याची दमट हवा ॲसेटिक ॲसिड शोषून घेतं, त्यातलं पाणी स्वतःच दुर्बल बेससारखं वागतं आणि क्रिस्टल व्हायोलेट या इंडिकेटरचा जांभळ्यावरून निळा-हिरवा होणारा रंग रेंगाळत बदलतो. फ्लास्क, पिपेट, ब्युरेट पूर्ण कोरडी हवीत. धुऊन नुसती निथळलेली चालत नाहीत.