चालती गाडी बंद पडली आणि परत चालूच होईना? आधी कान लावा

गाडी चालता चालता गपकन बंद पडली की आपण पहिलं काय करतो, तर सेल्फ मारत सुटतो. मी कशेडी घाटात हेच केलं आणि बॅटरीपण उतरवून बसलो. तर आधी चारही इंडिकेटर लावा आणि वेग आहे तोवर गाडी कडेला घ्या. इंजिन बंद झालं की ब्रेक दोन-तीनदाच नीट लागतो, मग पेडल दगड होतं, म्हणून पंप करत बसू नका, एकदाच दाबून धरा. स्टेअरिंगपण जड होणार, घाबरू नका.

आता एकदा सेल्फ मारा आणि ऐका. नुसतं टक-टक किंवा काहीच नाही? बॅटरीचे टर्मिनल हाताने हलवून बघा, सैल असतात बऱ्याचदा. जंप केबलने (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून) चालू होऊन थोड्या वेळात परत बंद पडली तर दोष अल्टरनेटरचा धरा, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा पार्ट. गाडी चालू असताना बॅटरीला मल्टिमीटर लावला तर त्यावर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसायला हवेत.

खरी डोकेदुखी म्हणजे सेल्फ मस्त फिरतोय पण गाडी उचलत नाही. पेट्रोल गाडी असेल तर नुसती चावी ऑन करा, म्युझिक बंद, मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घूंऽऽ येतं का? तो फ्युएल पंप, टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा. आवाज नाही आला तर त्याचा फ्यूज आणि रिले (फ्यूज बॉक्समधला करंट चालू-बंद करणारा छोटा डबा) बघा, बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले सेम नंबरचा असतो, तो काढून तिथे लावून बघायचा, फुकटात निदान. (सीएनजीवाल्यांनो, पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका, बऱ्याच गाड्या स्टार्ट पेट्रोलवरच होतात.)

पंप वाजतोय? मग सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. बहुतेक गाड्यांत तो जरासा तरी हलतो, ढिम्म असेल तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या, म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा सेन्सर. हा फार बदमाश पार्ट आहे, इंजिन तापलं की मरतो आणि अर्ध्या तासाने गार झाला की काही झालंच नाही असा चालू, त्यामुळे गॅरेजला पोचेपर्यंत गाडी ठणठणीत. माझ्या मेकॅनिकने आधी प्लग बदलले, मग थ्रॉटल बॉडी साफ केली, पैसे घेतलेच, तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा कुठे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारं यंत्र) लावला तर पी-0335 कोड, म्हणजे क्रँक सेन्सरच. स्कॅनर आधी लावायला सांगा राव.

सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि भिंगरीसारखा फिरतोय? टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करायला लावणारा पट्टा) तुटला असेल, तिथेच थांबा, परत सेल्फ मारला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात.

आणि पावसात साचलेल्या पाण्यातून जाताना बंद पडली असेल तर वरचं काहीच करायचं नाही, सेल्फला हातसुद्धा नको. आत पाणी गेलं असेल तर एका फिरवणीत इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. सरळ टोइंगवाल्याला फोन लावा.