बेस गिटारचा अ‍ॅम्प: कोणता घ्यावा आणि स्टेजवर कसा लावावा

बेसची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली की निघणारा ई सूर ४१ हर्ट्झचा असतो. पाच तारांच्या बेसवर बी आणखी खाली, ३१ हर्ट्झपर्यंत उतरतो. इतके खालचे सूर कानाला मुळात कमी ऐकू येतात आणि ते काढायला स्पीकरला बरीच हवा ढकलावी लागते. म्हणून गिटारवाल्या मित्राचा सल्ला इथे फारसा कामाचा नाही. त्याला १५-२० वॉटचा ट्यूब (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) अ‍ॅम्प पबमध्ये पुरून उरतो, तुम्हाला पुरणार नाही. त्याच्या अ‍ॅम्पमध्ये बेस लावून घरी हळू आवाजात सराव जरूर करा, पण आवाज चढवलात तर स्पीकर फाटण्याची शक्यता आहे.

१. अ‍ॅम्प कोणाला ऐकवायचा आहे, ते आधी ठरवा

बहुतेकांचे पैसे इथेच चुकीच्या जागी जातात. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी त्याच्या जोडीला बासमन अ‍ॅम्प आला. त्यात २६ वॉट आणि १५ इंची एकच स्पीकर होता. १९६९ मध्ये अँपेगने ३०० वॉटचा एसव्हीटी काढला, तोवर रॉक बँड मोठ्या मैदानांत पोचले होते. तेव्हाच्या पीएमधून (प्रेक्षकांसाठीच्या मोठ्या स्पीकरच्या यंत्रणेतून) जेमतेम गाणाऱ्याचा आवाज जायचा, त्यामुळे बेसवाल्याला आपल्या अ‍ॅम्पनेच शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं लागे. आठ-आठ स्पीकरची ती कपाटाएवढी कॅबिनेटं त्या गरजेतून आली.

आज कॉलेजचं गॅदरिंग असो, गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा असो की पबमधला गिग, प्रेक्षकांना बेस ऐकवायचं काम पीए करतो. तुमचा अ‍ॅम्प असतो तुमच्यासाठी आणि ड्रमरसाठी. एवढं पक्कं केलंत की मोठ्या कॅबिनेटचा मोह आपोआप कमी होतो, आणि टेम्पोचं भाडंही वाचतं.

अपवाद एकच: कॅफे किंवा घरगुती मैफल, जिथे पीएमध्ये फक्त माइक लागलेले असतात. तिथे अ‍ॅम्पला खोली भरावी लागते.

२. वॉट किती?

काहोन (वर बसून वाजवायचा लाकडी खोका) किंवा तबल्याबरोबर वाजवणार असाल तर ५० ते १०० वॉट. पूर्ण ड्रमसेट असेल तर २०० ते ३००. चार ओहमवर (ओहम म्हणजे कॅबिनेटचा विजेला होणारा विरोध, त्याचं गणित पुढे आहे) ५०० वॉटचं हेड, म्हणजे स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प, घेतलंत तर पुढची अनेक वर्षं प्रश्नच नको.

आकड्यांना भुलू नका. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. ५०० ऐवजी ८०० वॉटचा अ‍ॅम्प घेऊन स्टेजवर फरक जेमतेम जाणवतो. त्यापेक्षा कॅबिनेटच्या माहितीपत्रकातला सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच वॉटला किती आवाज निघतो त्याचा, आकडा बघा. ९७ डेसिबलच्या जागी १०० डेसिबलचं कॅबिनेट घेतलं, तर वॉट दुप्पट केल्याचा फायदा नवीन अ‍ॅम्प न घेताच मिळतो. एकाच्या जागी दोन कॅबिनेटं लावल्यावर जो फरक पडतो, तोही वॉट वाढवून पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो.

३. काँबो की हेड आणि कॅबिनेट?

काँबोत सगळं एकाच डब्यात येतं. रिक्षात घालून सरावाला जाणाऱ्यासाठी ते उत्तम. वेगळं हेड घ्यायचं कारण म्हणजे आजची क्लास डी (हलक्या, कमी तापणाऱ्या बनावटीची) हेडं दोन-तीन किलोची असतात आणि पाठीवरच्या पिशवीत मावतात. मोठ्या कार्यक्रमात आयोजक कॅबिनेट भाड्याने आणतो, तेव्हा तुम्ही आपलं हेड त्यावर ठेवून आपलाच आवाज काढू शकता. माझं मत विचाराल तर पहिली खरेदी हलकं हेड आणि निओडिमियम (हलक्या चुंबकाच्या) स्पीकरचं एक १२ इंची किंवा दोन १० इंची कॅबिनेट. जुनी जड फेराइट चुंबकांची कॅबिनेटं आवाजाला छान असतात, पण सभागृहाच्या मागच्या जिन्यावर ती चढवताना आवाज आठवत नाही.

१० इंची स्पीकर नेमका आणि १५ इंची खोल, असं सरसकट सांगितलं जातं. त्यात तथ्य थोडंच आहे, कारण आवाजाची खोली ही कॅबिनेटच्या आकारमानावर आणि बांधणीवरही ठरते. बरीचशी कॅबिनेटं ४१ हर्ट्झच्या खूप आधीच मान टाकतात. तरी ई ऐकू येतो, कारण ८२ आणि १२३ हर्ट्झचे वरचे स्वरांश ऐकून कान खालचा सूर स्वतःच भरून काढतो. दुकानात आपला स्वतःचा बेस घेऊन जा आणि बसून नव्हे, उभं राहून, दोन-तीन मीटर लांबून ऐका.

परदेशातल्या नातेवाइकाकडून हेड मागवणार असाल तर मागची पट्टी आधी वाचायला सांगा. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. ‘१००-२४०’ असं लिहिलं असेल तर निर्धास्त राहा. फक्त ‘१२०’ असेल, तर इथे सरळ लावताक्षणी नुकसान ठरलेलं.

४. ओहमचं गणित

हे टाळून चालत नाही. बहुतेक हेडांवर ‘किमान ४ ओहम’ लिहिलेलं असतं. कॅबिनेट ८ किंवा ४ ओहमचं असतं. ८ ओहमची दोन कॅबिनेटं जोडली की भार ४ ओहम होतो, हे चालतं. ४ ओहमची दोन जोडली की २ ओहम, आणि मग हेड तापून बंद पडतं किंवा जळतं. हेडच्या दोन भोकांतून दोन वायरी काढा किंवा एका कॅबिनेटमधून दुसऱ्यात न्या, जोडणी समांतरच होते आणि गणित बदलत नाही. म्हणून पहिलं कॅबिनेट ८ ओहमचं घ्या. ५०० वॉटचं हेड त्यावर साधारण ३०० वॉट देईल, पुढे दुसरं जोडलंत की पूर्ण ताकद.

ट्यूब अ‍ॅम्पचं वेगळं. त्याला कॅबिनेट जोडल्याशिवाय कधीही चालू करून वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

हेड आणि कॅबिनेट यांच्यामध्ये स्पीकरचीच वायर हवी. गिटारची वायर दिसायला तशीच असली तरी आतली तार बारीक असते आणि मोठ्या आवाजात ती तापते. स्पीकॉन प्लगची सोय असेल तर तीच वापरा. घालून फिरवली की कुलूप बसतं, कोणाचा पाय अडकून निघत नाही.

५. डीआय: ज्यावर प्रेक्षकांचा आवाज अवलंबून आहे

बेसचा सिग्नल मिक्सरपर्यंत नेणारा दुवा म्हणजे डीआय. बहुतेक हेडांच्या मागे एक्सएलआरचं (माइकच्या तीन पिनांच्या वायरीचं) भोक असतं, तोच अ‍ॅम्पमधला डीआय. त्याच्या शेजारी प्री (नॉबच्या आधीचा सिग्नल) आणि पोस्ट (नॉबच्या नंतरचा) असं बटण असतं. साउंडवाला ओळखीचा नसेल तर ‘प्री’वर ठेवा. मग तुम्ही स्टेजवर नॉब कितीही फिरवले तरी बाहेरचा आवाज बदलत नाही, आणि त्याचं तुमच्याशी भांडण होत नाही. पेडल आणि अ‍ॅम्पचा रंग हाच तुमचा आवाज असेल तरच ‘पोस्ट’, आणि मग साउंडचेकनंतर नॉबना हात लावायचा नाही.

वेगळा डीआय बॉक्स पिशवीत असावाच. अ‍ॅम्प बंद पडला तरी कार्यक्रम चालू राहतो. रूढ जोडी अशी: बिनबॅटरीच्या पॅसिव्ह बेसला अ‍ॅक्टिव्ह डीआय, बॅटरीवाल्या अ‍ॅक्टिव्ह बेसला पॅसिव्ह डीआय. अ‍ॅक्टिव्ह डीआय मिक्सरवरून येणाऱ्या ४८ व्होल्टच्या फँटमवर (माइकच्याच वायरीतून येणाऱ्या विजेवर) चालतो, तेव्हा ‘फँटम दे’ असं सांगायला विसरू नका.

६. स्टेजवर जागा

ड्रमरच्या हायहॅटच्या (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या) बाजूला अ‍ॅम्प ठेवा. तुम्ही दोघं एकमेकांना ऐकलंत की निम्मं काम झालं.

मग भिंत. अ‍ॅम्प कोपऱ्यात कोंबला की खालचे सूर फुगतात आणि बेस घुमायला लागतो. पण भिंतीपासून नेमका एक मीटर पुढे घेणंही घातक. मागे जाऊन भिंतीवर आपटून परतणारी लाट ८६ हर्ट्झच्या आसपास पुढच्या आवाजाला मारते, आणि ई व एफच्या वरच्या सप्तकातला जीवच जातो. कॅबिनेट भिंतीला जवळजवळ चिकटवून ठेवा आणि लो (खालच्या सुरांचा नॉब) थोडा कमी करा, किंवा दोन-अडीच मीटर पुढे घ्या. छोट्या स्टेजवर पहिलाच उपाय शक्य असतो.

फळ्यांचं पोकळ स्टेज स्वतः ढोलासारखं वाजतं. कॅबिनेट जाड फोमवर किंवा भक्कम पेटीवर ठेवा. उंचीमुळे दुसरा फायदाही होतो. वरचे सूर सरळ रेषेत जातात आणि जमिनीवरच्या कॅबिनेटमधून ते तुमच्या गुडघ्यांना ऐकू येतात, कानांना नाही. मग तुम्ही आवाज वाढवत राहता आणि पहिल्या रांगेतले लोक कान धरतात. कॅबिनेट वर उचला किंवा मागे कलतं करा. दोन स्पीकरचं असेल तर उभं ठेवा, आवाज डावी-उजवीकडे जास्त पसरतो.

७. नॉब, या क्रमाने

मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) शून्यावर, सगळे ईक्यू (लो, मिड, हायचे नॉब) मध्यावर. सर्वांत जोरात वाजवाल तसं वाजवत गेन (आत येणाऱ्या सिग्नलचा नॉब) चढवा. क्लिपचा (सिग्नल मर्यादेबाहेर गेल्याचा) लाल दिवा एखाद्या जोरदार फटक्याला चमकेल इतपत ठेवा आणि किंचित खाली आणा. त्यानंतर मास्टर उचला.

ईक्यू एकट्याने ठरवू नका. एकट्यात छान वाटणारा बेस, लो वाढवलेला आणि मिड कापलेला, बँड सुरू झाला की गायब होतो. ६० हर्ट्झच्या आसपास किक ड्रम बसलेला असतो, २०० ते ५०० मध्ये गिटार आणि कीबोर्डची गर्दी. बेसचा प्रत्येक सूर ओळखू येतो तो ५०० ते ८०० हर्ट्झमध्ये. आवाज ऐकू येत नाही असं वाटलं की मास्टरऐवजी आधी हा मिड थोडा वाढवा. चिखल झाल्यासारखं वाटलं तर २५० च्या आसपास कापा. हेडवर हायपास फिल्टर (ठरावीक हर्ट्झखालचं सगळं अडवणारा) असेल तर ३० ते ४० हर्ट्झवर लावा. त्याखाली ऐकू फारसं काही येत नाही, स्पीकर मात्र उगाच धडपडत राहतो.

८. साउंडचेक

महाराष्ट्रात उघड्यावरचा कार्यक्रम बहुधा रात्री दहाला थांबवावाच लागतो, आणि उशिरा सुरू झालेल्या कार्यक्रमात पहिला बळी साउंडचेकचा जातो. म्हणून दहा मिनिटांत उरकेल असा क्रम ठेवा. आधी डीआयचा सिग्नल साउंडवाल्याला द्या आणि तुमचा अ‍ॅम्प मास्टर शून्यावरच ठेवा. प्रत्येक तारेवर सावकाश, मग स्लॅप (अंगठ्याने तार आपटून) वाजवत असाल तर तोही, खऱ्या जोराने. बाहेरचा आवाज लागला की अ‍ॅम्प हळूहळू वाढवा, फक्त तुम्हाला आणि ड्रमरला स्पष्ट ऐकू येईपर्यंत. शेवटी बँडबरोबर गाण्याचा सर्वांत गोंगाटाचा भाग वाजवा. लांब वायर असेल तर खाली उतरून एकदा प्रेक्षकांच्या जागेवरून ऐका.

९. गुणगुण आणि शॉक

डीआय जोडल्याबरोबर गुणगुण सुरू झाली तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, बहुतेकदा तेवढ्याने थांबते. थांबली नाही तर अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डवरून वीज घेतील असं करा. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढणं किंवा टू-पिन अडॅप्टर लावणं हा उपाय नाही, कोणी ‘दादा, असंच चालतं’ म्हणाला तरी नाही.

बेसच्या तारा अ‍ॅम्पमार्फत अर्थला जोडलेल्या असतात. जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात अर्थिंगच नसेल, तर तारांवर हात आणि माइकला ओठ लागल्यावर झटका बसतो. गाणारे बेसवादक असाल तर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून तार आणि माइकची जाळी यांच्यामध्ये आधी मोजा. दहा-वीस व्होल्ट किंवा त्याहून मोठा आकडा दिसला तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत वाजवू नका.

१०. आवरताना

मास्टर शून्यावर आणा, साउंडवाल्याला ‘बेस म्यूट कर’ म्हणा, त्याने मान हलवल्यावरच वायर उपटा, नाहीतर पूर्ण पीएमधून धाडकन आवाज येतो. ट्यूब अ‍ॅम्प गरम असताना लगेच टेम्पोत टाकू नका. अ‍ॅक्टिव्ह बेसमधून जॅक काढून ठेवा. आत राहिला तर नऊ व्होल्टची बॅटरी रात्रभर उतरत राहते.