रेवदंड्यात समुद्राकाठचं घर: सीआरझेडमुळे अडकलेलं कर्ज कसं सुटलं

रेवदंड्याच्या वाडीतलं जुनं कौलारू घर घेत होतो. मागच्या पडवीतून सुरूची झाडं दिसतात, पलीकडे वाळू. अडचण अशी की बँकेचे वकील फाइल सारखी परत पाठवत. शेरा एकच: 'सीआरझेड स्थिती अस्पष्ट'. सीआरझेड म्हणजे किनारी नियमन क्षेत्र, समुद्राकाठचा बांधकामावर बंधनं असलेला पट्टा.

ताजा सातबारा, घरपट्टीची पावती, मोबाइलवरून छापलेला नकाशा, सगळं देऊन झालं. चार महिने नुसता मनस्ताप.

शेवटी पुढचा क्रम लागू पडला. आधी विक्रेत्याच्या नावाने भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज केला आणि 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, मिळवली. ती केंद्राची मान्यता असलेल्या संस्थेकडे, म्हणजे चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाच्या रिमोट सेन्सिंग संस्थेकडे पाठवली. भरतीरेषा, म्हणजे भरतीचं पाणी जिथवर येतं ती रेषा, नकाशावर १:४००० प्रमाणातच टाकून मागा. १:२५,००० च्या नकाशावर पेनाची जाड रेघच दहा-बारा मीटर खाते.

घर ना-विकास क्षेत्रात, म्हणजे भरतीरेषेलगतच्या नव्या बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्यात, निघालं. खरी मेख इथेच होती. तिथेही आधीपासूनचं अधिकृत घर आहे त्या जोत्यावर, आहे तेवढ्याच चटईक्षेत्रात, परवानगी घेऊन पुन्हा बांधता येतं. पण ते जुनं आणि अधिकृत असल्याचा कागद लागतो. सीआरझेडची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, म्हणून ग्रामपंचायतीतून त्याआधीच्या वर्षाचा नमुना ८ चा (घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीचा) उतारा काढला. जुन्या शाईत स्पष्ट नोंद होती: 'दगडी जोते, कौलारू'.

मोजणी, भरतीरेषेचा अहवाल आणि हा उतारा एकत्र जोडला. नवव्या दिवशी कर्ज मंजूर झालं.