मसलवरचं कोलॅजन बघायचंय? मग आधी फॅट बॉडीकडे बघा

फळमाशीच्या लार्वाच्या मसलवर प्रोजेक्ट करताय त्यांच्यासाठी लिहितेय. पहिली गोष्ट, मसलभोवतीच्या बेसमेंट मेम्ब्रेनमधलं (पेशींबाहेरचा प्रोटीनचा पातळ थर) टाइप ४ कोलॅजन बहुतेक सगळं फॅट बॉडीत (माशीचा चरबी साठवणारा, यकृतासारखा अवयव) बनतं आणि हिमोलिम्फमधून, म्हणजे माशीच्या रक्तातून, वाहत येऊन मसलवर बसतं. त्यामुळे वायकिंग जीनचा (टाइप ४ कोलॅजनचा एक जीन) आरएनएआय (जीन दाबून टाकायची पद्धत) मेफ२-गॅल४ या ड्रायव्हरने (कुठल्या पेशीत चालवायचं ते ठरवणारी लाइन) फक्त मसलमध्ये चालवला आणि काही फरक दिसला नाही, तर कोलॅजनचं काही काम नाही असं लगेच लिहू नका प्लीज! सीजी-गॅल४ घ्या, तो फॅट बॉडी आणि हिमोसाइट (रक्तपेशी) दोन्हीत चालतो.

बघायला सगळ्यात सोपी लाइन म्हणजे वायकिंग-जीएफपी (कोलॅजनलाच हिरवं चमकणारं प्रोटीन जोडलेल्या माश्या), अँटिबॉडीची गरजच नाही. भिंतीवर चढायला लागलेला तिसऱ्या इन्स्टारचा (शेवटच्या टप्प्याचा) लार्वा घ्या, सिलगार्डच्या (मऊ सिलिकॉन रबर) प्लेटवर डोकं आणि शेपूट पिनांनी टोचा, पाठीच्या मधोमध कापा आणि कातडी पसरून पिना लावा. सलाइन कॅल्शियम नसलेलंच वापरा, नाहीतर मसल आकसतात आणि मग जोडणीच्या जागा नीट दिसत नाहीत. आतडं आणि फॅट बॉडी हळूच काढा, फॅट बॉडी ठेवली तर तिचीच चमक सगळीकडे दिसते, पण चिमटा मसलला घासला तर जे बघायचंय तेच खरवडून जाईल, इथे घाई अजिबात नको. मग ४% पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये साधारण २० मिनिटं फिक्स, धुवा, आणि लाल रंगाचं फॅलॉयडिन (मसलमधलं ॲक्टिन रंगवतं), कारण हिरवा चॅनल जीएफपीने घेतलाय.

पोटाच्या सेगमेंटमधले ६ आणि ७ नंबरचे मसल शोधा, जाडजूड असतात, लगेच सापडतात. त्यांची टोकं टेंडन सेलला (मसल कातडीला जोडणाऱ्या पेशी) चिकटतात तिथे झूम करा, मसलमधलं इंटेग्रिन (पेशीला चिकटवून ठेवणारं प्रोटीन) बाहेरच्या मॅट्रिक्सला (पेशींबाहेरचं प्रोटीनचं जाळं) धरतं ते इथेच, आणि माझ्या मते खरी गंमत याच जागेत आहे. आरएनएआय आणि कंट्रोल दोन्हीला लेझरचं सेटिंग एकच ठेवा.

कोलॅजन बिघडलं तर मसलचं काय होतं हे बघायचं असेल तर कोल४ए१ चे (टाइप ४ कोलॅजनचा दुसरा जीन) टेम्परेचर सेन्सिटिव्ह म्यूटंट (गरमीतच बिघाड दाखवणारे) मागवा, २० डिग्रीला वाढवा, मग २९ ला हलवा. त्यात ॲक्टिनचे पट्टे विस्कटतात आणि इंटेग्रिनची जागाही बिघडते. फक्त साध्या माश्यांचा कंट्रोलसुद्धा २९ लाच ठेवा, नाहीतर गरमीचा परिणाम कुठला आणि कोलॅजनचा कुठला हे सांगताच येणार नाही.