गेमप्लेवर कॉमेंट्री बसवताना दोन टोकं पकडा, एक नाही

मालवणात पावसाळ्यात घराबाहेर पडता येत नाही तेव्हा मी आणि माझा मामेभाऊ फुटबॉलचा गेम खेळतो, तो खेळतो आणि मी मराठीतनं कॉमेंट्री करतो. पहिला व्हिडिओ त्याला दाखवला तर दहाव्या मिनिटाला म्हणाला, "अरे, गोल होवच्या आधीच तू बोंबलतंस!" आणि बरोबर होतं त्याचं, सुरुवातीला सगळं नीट जुळलेलं आणि पुढे पुढे आवाज पळत सुटलेला. त्यातनं जे शिकलो ते नीट लिहितोय.

आधी एक गोष्ट. आवाज थोडा उशिरा आला तर कान सांभाळून घेतो, आधी आला तर लगेच खटकतं. खाडीपलीकडे कोणी लाकडं फोडत असेल तर घाव आधी दिसतो आणि ठक् नंतर ऐकू येतं, 170 मीटरवर साधारण अर्धा सेकंद, त्याची सवय आपल्याला जन्मापासूनची. उलटं निसर्गात कधी होतच नाही. टीव्ही प्रसारणाच्या मोजमापात पण आवाज 45 मिलीसेकंद पुढे गेला की माणसाला कळतं आणि मागे मात्र 125 पर्यंत चालून जातं असं धरतात. म्हणजे शंका असेल तर आवाज एक-दोन फ्रेम मागेच ठेवा, 60 एफपीएसला (सेकंदाला 60 चित्रं) एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, जवळपास 17 मिलीसेकंद टिकतं.

कॉम्प्युटरवर खेळत असाल तर काम सोपं आहे, ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज उघडा, गेमचा आवाज ट्रॅक 1 वर आणि माईक ट्रॅक 2 वर टाका, तिथेच सिंक ऑफसेटचा (आवाज किती सरकवायचा त्याचा) रकाना आहे मिलीसेकंदात, माईक कायम तेवढाच पुढेमागे असेल तर तिथेच आकडा घालून मोकळे व्हा. आउटपुटच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये हे दोन्ही ट्रॅक टिक केलेत ना बघा, आणि फाइलचा फॉरमॅट एमकेव्ही ठेवा, हे आपल्याकडे फार महत्त्वाचं. जुलैत एका रात्री वारा सुटला, लाईट गेली, आणि तासभराची मॅच साध्या एमपी४ मध्ये होती ती फाइल परत उघडलीच नाही. एमकेव्ही असती तर लाईट जाईपर्यंतचं बहुतेक सगळं वाचलं असतं. नंतर ओबीएसच्या फाइल मेनूत रीमक्स करून (नुसतं फाइलीचं खोकं बदलून) एमपी४ करता येते, क्वालिटी जात नाही.

आता खरी गोची म्हणजे गेम एका फोनवर आणि आवाज दुसऱ्या फोनवर, आमचं असंच होतं. दोन्ही जुळवायला टाळी वाजवून उपयोग नाही कारण गेमच्या रेकॉर्डिंगमध्ये टाळी कुठेच दिसत नाही. त्यापेक्षा हे करा: दोन्ही रेकॉर्डिंग चालू करा, इयरफोन अजून लावू नका, माईक गेमच्या स्पीकरजवळ धरा आणि गेममध्ये एक टोकदार आवाज काढा, बंदुकीचा गेम असेल तर एक गोळी, फुटबॉल असेल तर पॉज मेनूचं टुक. शिट्टी नको, तिची सुरुवात वेव्हफॉर्मवर (आवाजाच्या नागमोडी आलेखावर) नीट सापडत नाही. मग इयरफोन लावा, वायरवालेच, ब्लूटूथमध्ये गेमचा आवाज तुमच्याच कानाला उशिरा येतो. खेळ संपला की इयरफोन काढून परत तेच टुक. हे दुसरं टुक लोक विसरतात आणि सगळं तिथेच फसतं.

दोन टुक का, तर चुका दोन प्रकारच्या असतात. नुसतं पुढेमागे असेल तर पहिल्या टुकावर जुळतं. पण दोन फोनांची घड्याळं अगदी सारखी चालत नाहीत, आणि फोनचा स्क्रीन रेकॉर्डर फ्रेमरेट कमीजास्त करतो, व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला ते नीट पचत नाही. म्हणून फोनची फाइल आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधनं कॉन्स्टंट, म्हणजे एकसारख्या, फ्रेमरेटची करून घ्या, निम्मा त्रास तिथेच जातो.

आमच्या एका मॅचचा हिशोब देतो. गेमच्या फाइलीत पहिलं टुक 12.4 सेकंदाला, आवाजाच्या फाइलीत 19.9 ला, म्हणजे आवाजाचे सुरुवातीचे 7.5 सेकंद कापले. शेवटचं टुक गेममध्ये 40 मिनिटं 10.0 सेकंदाला आणि कापलेल्या आवाजात 40 मिनिटं 10.6 ला. म्हणजे 40 मिनिटांत आवाज 0.6 सेकंद मागे पडला, दर दहा मिनिटांना 0.15. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये 3.4 आवृत्तीपासून अल्ट धरून क्लिपची कड ओढली की ती ताणता-आखडता येते, टुकावर टुक येईपर्यंत ओढा. मी मात्र बहुतेक वेळा दर दहा मिनिटांनी मी श्वास घेतो तिथली 0.15 सेकंदाची शांतता कापतो, बोलण्याला धक्का लागत नाही. आवाज पुढे पळत असेल तर तेवढीच शांतता घाला.

आवाज चिरका आणि घाईतला वाटला, दहा मिनिटांचं 9 मिनिटं 11 सेकंदांत संपलं, तर हे वेगळं दुखणं आहे, 44,100 सॅम्पल रेटची (सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने) फाइल 48,000 ची समजून वाजतेय. तिथे ओढाताण करू नका, प्रोजेक्टचा आणि फाइलीचा रेट सारखा करा.

पत्र्यावर पाऊस असेल तर तेव्हा बोलूच नका, नुसता गेम रेकॉर्ड करा. सर थांबली की गोधडी भिंतीला लावून, व्हिडिओ बघत कॉमेंट्री करा, तिथेही दोन्ही टुकं स्पीकरवरनं माईकला ऐकवायची, बाकी रीत तीच. शेवटी एक्सपोर्ट झालेली फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटच्या गोलाला बघा, एडिटरमध्ये नाही, फोनवर आणि वायरचा इयरफोन लावून.