मळ्यातले जुने घर पुन्हा राहते कसे करावे

शहरातून नाशिक जिल्ह्यातील गावी राहायला येणाऱ्यांच्या वाट्याला पुष्कळदा दगडी जोत्याचे, मातीच्या भिंतींचे जुने घर येते. ते पाडण्याआधी दुरुस्तीचा विचार अवश्य करावा, कारण त्यातले सागवान आणि घडीव काळा दगड त्या प्रतीचा आज सहज मिळत नाही.

प्रथम कागदपत्रे पाहावीत. घर गावठाणात असल्यास ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि शेतात असल्यास सातबारा तपासून सर्व वारसांची लेखी संमती घ्यावी.

त्यानंतर शक्य तर एक पावसाळा घराचे केवळ निरीक्षण करावे. आतल्या भिंतीवर ओलीची कड पेन्सिलीने आखून शेजारी तारीख लिहावी. पाणी जोत्यातून वर चढते की छपरातून खाली उतरते, हे त्या रेघांवरून कळते.

दुरुस्तीची सुरुवात छपरापासूनच करावी. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडच्या कौलारू घरांत कौले उतरवून रीपा आणि वासे तपासावेत. भिंतीत गेलेले तुळईचे टोक सर्वांत आधी कुजते, म्हणून तेथे पेचकस टोचून पाहावा. तो सहज आत शिरल्यास टेकू दिल्याशिवाय तुळईला हात लावू नये. येवला-नांदगावकडच्या धाब्यांवर, म्हणजे मातीच्या सपाट छपरांवर, वर्षानुवर्षे नवी माती चढवल्याने भार वाढलेला असतो, तेथे आधी जुनी माती उतरवावी. पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर जाईल असा उतार आणि चर त्याच वेळी काढावा.

भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नये, हे मी आग्रहाने सांगतो. मातीची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. सिमेंटने ती वाट बंद झाली की ओल आत कोंडते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो आणि काही वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे मातीसकट सुटतात. दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, चुन्यानेच भराव्यात. चुनकळी (भाजलेल्या चुनखडीचे खडे) अनुभवी गवंड्याकडूनच पाण्यात विरवून घ्यावी, कारण पाणी पडताच ती उकळते आणि डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते. विरलेला चुना काही आठवडे पाण्याखाली मुरू द्यावा आणि मग एक भाग चुन्यास तीन भाग वाळू किंवा सुर्खी (विटांची भुकटी) मिसळावी. विजेच्या नळ्या गिलाव्याआधीच बसवाव्यात.

चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश कठीण होतो. त्यामुळे हे काम दिवाळीनंतर काढावे, भिंतींवर ओले गोणपाट टांगावे आणि एक थर पुरता घट्ट झाल्याशिवाय दुसरा देऊ नये.