जुन्या साड्यांची गोधडी: दोऱ्याशिवाय काही विकत आणू नका

गोधडीसाठी नव्या कापडाचे रंगीत तुकडे विकत घ्या, असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. तो ऐकायचा असेल तर सरळ दुलईच आणा. कपाटात पडून असलेलं सुती कापड वापरायचं म्हणून तर गोधडी शिवायची.

साड्या सुतीच हव्यात. शंका आली तर एक धागा जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो. नऊवारी साडी 8 मीटरच्या आसपास असते. तिचे चार भाग केले की 2 मीटर लांबीचे चार थर निघतात. पन्हा साधारण 45 इंच, म्हणजे एका माणसाला पुरे. विरलेले थर आत, धडके बाहेर. जरीचे काठ उसवून काढा, टोचतात.

आता थर अंथरणं. माझा इथेच फार जीव गेला. पलंगावर अंथरू नका, गादी दबते आणि कापड सरकतं. फरशीच हवी. प्रत्येक थर वेगळा अंथरून मधून कडेकडे तळहाताने सारखा करायचा, चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, मगच पुढचा थर. कापड ताणू मात्र नका. ताणलेला थर नंतर आखडतो आणि शेजारचा फुगतो. नुसत्या टाचण्यांवर भागेल असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि सोडून द्या. वीत-वीत अंतरावर लांब कच्चा धावदोरा घालाच, तोही मध्यापासून बाहेर. मुरलेल्या बायका कडेपासून आत शिवत येतात, पण त्यांचा हात बसलेला असतो. नवख्याने तसं केलं की सगळा झोळ मधे गोळा होतो, आणि तो उसवल्याशिवाय जात नाही. हे काम कंटाळवाणं आहे, एक अख्खी दुपार खातं. खाऊ द्या.

पुढे सोपं आहे. कडा आत दुमडून शिवा, मग दोन-दोन बोटांवर जाड सुती दोऱ्याने पक्का धावदोरा. दोरा हातभरच घ्या, गाठ थरांत लपवा, टाका ओढून आवळू नका. शेवटी कच्चे टाके काढा.

वरचा थर फाटला तर त्यावर दुसरी साडी घालून पुन्हा धावदोरा मारा. गोधडीच फारच जीर्ण झाली तर ती नव्या गोधडीच्या पोटात घाला. फक्त थर कमी घ्या, नाहीतर सुई आरपार जात नाही.